खिडकीतलं छोटं सक्युलंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी माझ्याकडे प्रश्नांच्या दोन लाटा येतात. पहिली संक्रांतीनंतर, कारण हल्ली हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी छोटी सक्युलंट वाण म्हणून देतात, आणि दुसरी जुलैत, जेव्हा तीच सक्युलंट मरायला टेकलेली असतात. मी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते, पूर्वेची एक खिडकी आणि तिचं बॉक्स ग्रिल एवढीच माझी बाग, त्यामुळे उत्तरं फ्लॅटमधल्या माणसासाठी आहेत, गच्ची असलेल्यांनी आपापलं अॅडजस्ट करून घ्या.

१. सक्युलंट म्हणजे कॅक्टसच ना?

कॅक्टस हे सक्युलंट, पण प्रत्येक सक्युलंट कॅक्टस नाही. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवणारं कुठलंही झाड सक्युलंट, म्हणजे आपली कोरफड आणि पानफुटीसुद्धा. कॅक्टसचे काटे एका छोट्या लवदार गादीतून निघतात, ती गादी दिसली की कॅक्टस समजायचं. बांधावरचा चीक येणारा निवडुंग कॅक्टस नाही, तो युफोर्बिया, आणि फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला.

२. वाणात मिळालंय, नाव माहीत नाही, कसं ओळखू?

नेमकं नाव नाही कळलं तरी चालतं, गट कळला की काम भागतं. गडद हिरवी टोकदार पानं आणि त्यावर पांढरे पट्टे असतील तर हॉवर्थिया, ज्याला नर्सरीत झेब्रा म्हणतात. गुलाबाच्या फुलासारखी रचना आणि पानांवर पावडरसारखा थर असेल तर एचेव्हेरिया. जाडसर खोड आणि गोल गुळगुळीत पानं असतील तर जेड. इथे एक घोळ आहे, आपल्या नर्सऱ्यांमध्ये जेड म्हणून जे बारीक पानांचं, लालसर फांद्यांचं झाड देतात ते बहुतेकदा पोर्टुलाकारिया असतं, खरं जेड म्हणजे क्रॅसुला, त्याची पानं मोठी आणि जाड. निगा साधारण सारखीच, फरक पडतो तो प्रश्न १७ मध्ये.

घरात पहिल्यांदाच ठेवणार असाल तर हॉवर्थिया घ्या. एचेव्हेरिया दिसायला सुंदर पण मुंबई-कोकणात फ्लॅटच्या आत तिचे हाल होतात, मी तीन मारल्यात.

३. आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि याचं आकड्यात उत्तर नाही. "सोमवारी आणि गुरुवारी" असं ठरवून घातलेल्या पाण्यानेच सगळ्यात जास्त झाडं जातात. कुंडीतली माती तळापर्यंत सुकली की घालायचं, बस. बघायचं कसं तर उदबत्तीची उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटांनी काढायची, काडीला माती चिकटली किंवा काडी गार ओलसर लागली तर थांबायचं. दुसरी युक्ती म्हणजे वजन, पाणी घातल्यावर कुंडी उचलून बघा, मग रोज उचला, चार-सहा वेळात हाताला अंदाज येतो, माझ्या सासूबाई चष्म्याशिवाय एवढ्यावरच ठरवतात आणि त्यांचं एकही झाड सडलेलं नाही.

तरी आकडा हवाच असेल तर ३ इंची कुंडी, उजेडाची खिडकी: थंडीत आणि ऑक्टोबरात १०-१२ दिवसांनी, मार्च ते मे ७-८ दिवसांनी, पावसाळ्यात ३ आठवडे किंवा त्याहून जास्त. उजेड कमी असेल तर हे सगळे दिवस दीडपट. कारण झाड पाणी पितं ते उजेडाच्या हिशोबाने, अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी वापरतच नाही, मग ते मुळांशी नुसतं साचून राहतं.

४. मग घालायचं कसं, थोडं थोडं की एकदम? स्प्रे करू का?

एकदम. खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत, आणि १५ मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाकायचं. चमचा-चमचा पाण्याने वरची माती ओली होते आणि खालची मुळं कोरडीच राहून वाळतात. स्प्रे नको, पानांच्या मधे थेंब अडकून बसतो आणि तिथूनच सडायला लागतं. चुकून पडलं तर फुंकर मारून किंवा टिशूच्या टोकाने टिपून घ्या. बर्फाचा खडा ठेवायचा तो व्हिडिओ मला पाठवू नका प्लीज, उष्ण प्रदेशातल्या झाडाच्या मुळांशी बर्फ कशाला.

५. कुठल्या खिडकीत ठेवू?

पूर्व सगळ्यात छान, सकाळचं २-३ तास ऊन मिळतं आणि ते भाजत नाही. पश्चिमेचं ऊन थंडीत चालतं, एप्रिल-मेमध्ये पानं भाजतात, पातळ पडदा लावा. उत्तरेला हॉवर्थिया आणि स्नेक प्लांट तग धरतात, बाकीची नाही.

दक्षिणेच्या खिडकीची एक गंमत आहे, ती माहीत नसल्याने लोक गोंधळतात. शून्य सावली दिवस ऐकला असेल, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो तो, मुंबईत तो मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी येतो. या दोन दिवसांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन येतच नाही, त्यात जूनपासून ढग. डिसेंबरात मात्र सूर्य खाली असतो म्हणून तीच खिडकी उन्हाने भरून जाते. म्हणून तक्रार येते की "जानेवारीत मस्त होतं, जागा बदलली नाही, तरी जूनमध्ये लांबोळकं झालं". जागा तीच राहिली पण ऊन हललं ना.

खिडकीपासून आत तीन-चार फुटांवरचं टेबल आपल्या डोळ्यांना उजेडाचं वाटतं, झाडासाठी ती संध्याकाळ असते.

६. माती कुठली? नर्सरीतली लाल माती चालेल?

नुसती लाल माती नाही, ती दोन-तीन पाण्यांनंतर विटेसारखी बसते. माझं मिश्रण: १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिळून, २ भाग खडबडीत काहीतरी. खडबडीत म्हणजे परलाइट (हलके पांढरे खडे), विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, किंवा चाळून धुतलेली जाड वाळू. बांधकामाची बारीक वाळू नको, ती सिमेंटचं काम करते. मूठभर मिश्रण ओलं करून दाबायचं आणि मूठ उघडायची, लाडू वळला गेला तर अजून खडे घाला, भुगा झाला तर जमलं.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्यायची पद्धत आहे, त्याने निचरा वाढत नाही, पाणी उलट त्या थराच्या वर मातीत अडून राहतं. खडे मातीतच मिसळा.

७. कपात लावलंय, खाली भोक नाही, आणि वर पांढरे दगड चिकटवलेत.

दोन्ही दुरुस्त करा, आजच. गिफ्टवाल्या झाडांवर दगड गोंदाने चिकटवलेले असतात म्हणजे नेताना सांडत नाहीत, पण पाणी आत जात नाही आणि माती सुकलीय का ते कळत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास कुंडी बुडवली की बहुतेकदा थर सुटतो, नाही सुटला तर चमच्याच्या दांड्याने कडेने उचकटा. मग झाड बाहेर काढा, मुळांभोवती स्पंज किंवा जाळीची छोटी टोपली असेल तर ती हलक्या हाताने कापून काढा, आणि प्रश्न ६ च्या मातीत भोकवाल्या छोट्या कुंडीत लावा. मुळं हाताळलीत म्हणून ४-५ दिवस पाणी नाही. कप आवडत असेल तर त्याच कपात ती कुंडी ठेवा. कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी, "पुढे वाढेल" म्हणून मोठी घेतली तर माती सुकतच नाही.

८. खालची पानं सुकून कागदासारखी होतायत, मरतंय का?

नाही. सगळ्यात खालची, जुनी, कोरडी कुरकुरीत असतील तर ते नैसर्गिक आहे, ओढून काढून टाका कारण पिठ्या नावाची कीड तिथेच लपते (प्रश्न १३). वरची किंवा मधली पानं सुकत असतील तर प्रश्न १० बघा.

९. पानं पिवळी, मऊ, काचेसारखी आरपार दिसतायत आणि हात लावला की गळतायत.

हे पाणी जास्त झाल्याचं, आणि इथे उद्या-परवा करू नका. झाड कुंडीतून काढा, माती झाडा. मुळं पांढरी-फिकट आणि टणक असतील तर नशीब, नुसतं दोन दिवस कागदावर सुकवून कोरड्या मातीत लावा. मुळं काळी, चिपचिपीत, वास येणारी असतील तर तेवढी कापा. खोडही काळं असेल तर डेटॉल किंवा स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरून कापत खाली नका येऊ, खालून कापत वर जा, दरवेळी ब्लेड पुसा, आणि काप आतून पूर्ण स्वच्छ, एकही तपकिरी ठिपका नसलेला दिसेपर्यंत थांबू नका. लोक इथेच माया करतात, "अजून एक सेंटीमीटर कशाला" म्हणून सोडतात आणि आठवड्याने तोच ठिपका वर चढतो.

उरलेलं टोक सावलीत, वाऱ्याला, ४-५ दिवस सुकवा, पावसाळ्यात ८-१०. कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. दालचिनीची पूड किंवा हळद लावायची तर लावा, पण खरं काम सुकवण्याने होतं. मग कोरड्या मातीवर नुसतं टेकवून ठेवा, २ ते ४ आठवड्यांत मुळं फुटतात, त्यानंतर पहिलं पाणी. सगळंच सडलं असेल तर चांगली दिसणारी पानं वाचवा, प्रश्न १५.

१०. पानं सुरकुतलीत. पाणी कमी ना? पण मी तर घालतेय!

सुरकुतलेलं पान मातीत ओल असतानाही दिसू शकतं, म्हणून आधी काडी लावा (प्रश्न ३). माती कोरडी असेल तर तहान आहे, भरपूर पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पानं भरतात. माती ओली आणि पानं तरी सुरकुतलेली असतील तर मुळं गेलीत, पाणी आहे पण प्यायला तोंड नाही, थेट प्रश्न ९.

तिसरी शक्यता फसवी आहे. पाणी घालताय, ते भोकातून लगेच बाहेरही येतंय, तरी झाड तहानलेलं. कोकोपीट एकदा खडखडीत सुकलं की पाणी घेतच नाही, कडेकडेने ओघळून जातं आणि आतला गोळा कोरडा तो कोरडा. अशा वेळी कुंडी अर्धी उंची पाण्यात बुडेल अशी टोपात २० मिनिटं ठेवा, खालून पाणी चढतं.

११. झाड उंच आणि वाकडं झालंय, पानं लांब लांब फुटतायत. वाढतंय म्हणजे चांगलंच ना?

ही वाढ नाही, उजेड शोधण्याची धडपड आहे. आणि एकदा ताणलेलं खोड परत बुटकं होत नाही. उजेड वाढवा, पण एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, १०-१२ दिवसांत हळूहळू, नाहीतर पानं भाजतात आणि ते तपकिरी डाग जात नाहीत. एचेव्हेरिया, सेडमचं डोकं कापून परत लावता येतं, सुकवायची रीत प्रश्न ९ मधलीच, आणि उरलेल्या खुंटाला बाजूने पिल्लं येतात. खिडकीच नसेल तर पांढरा ९-१२ वॉटचा एलईडी बल्ब झाडापासून ६-८ इंचांवर, रोज १०-१२ तास. जांभळ्या लाइटची गरज नाही, घर डिस्कोसारखं दिसतं फक्त.

१२. पावसाळ्यात काय करू? आणि आमच्याकडे नागपुरात उलटं, उन्हाळ्यात मरतात.

मुंबई-कोकणवाल्यांनो, तुमचे खरे कठीण महिने जून ते सप्टेंबर. हवाच ओली, माती सुकत नाही, ऊन नाही. ग्रिलमधली झाडं मेअखेरीस आत घ्या, तिरका पाऊस कुठूनही येतो. मातीची कुंडी वापरा. दिवसातून दोन-तीन तास पंखा मिळेल असं ठेवा, चाललेली हवा अर्धं काम करते. आणि पाणी विसरा, मी जूनमध्ये एकदा घालते आणि मग पान सुरकुतल्याशिवाय हात लावत नाही. व्हिडिओत सांगतात की उन्हाळा म्हणजे वाढीचा काळ, भरपूर पाणी द्या, ते थंड देशातल्या जून-जुलैबद्दल असतं, आपला जुलै वेगळा.

विदर्भात गोष्ट वेगळी. पारा ४५ च्या वर गेला की बरीचशी सक्युलंट कामच बंद करतात, झोपतात. झोपलेल्या झाडाला भर दुपारी पाणी म्हणजे मुळं शिजवणं, म्हणून सूर्य मावळल्यावर, आणि कमी. खिडकीच्या काचेला टेकवू नका. आणि कूलर! कूलरच्या झोतासमोर ठेवलेलं झाड म्हणजे तुम्ही घरातच कोकणाचा पावसाळा आणलात, कुंडी आठवडाभर ओली राहते. त्याच खोलीत ठेवायचं तर झोतापासून लांब. तिकडे प्लास्टिकची कुंडी बरी पडते, मातीची फार पटकन सुकते.

१३. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय.

पिठ्या ढेकूण. झाड लगेच बाकीच्यांपासून लांब करा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये मिळतं) लावून एकेक टिपा. जेल सॅनिटायझर नको, चिकट थर राहतो. दर ५-६ दिवसांनी असं तीन-चार वेळा, कारण अंडी पहिल्या फेरीत मरत नाहीत, एकदा करून "गेला" म्हणणाऱ्यांकडे तो महिन्याने परत येतो. जास्त असेल तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, संध्याकाळी फवारा, मधलं पाणी टिपून घ्या, उन्हात लगेच ठेवू नका. एचेव्हेरियाचा पावडरचा थर याने जातो, तो त्या पानावर परत येत नाही, त्यामुळे तिला काडीच बरी. मुंग्या दिसत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला सांभाळतात.

वर काही नाही पण झाड मरगळलंय, तर कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही पांढरी पूड असू शकते. मग माती फेकायची, मुळं धुवायची, सुकवून नवीन मातीत.

१४. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात.

माती सतत ओली आहे. सुकू द्या, वर जाड वाळूचा बोटभर थर द्या, पिवळा चिकट कागद लावा. झाडाला फार त्रास नाही, पण तुमच्या पाणी घालण्याबद्दल ती चुगली करतात.

१५. पानापासून नवीन रोप होतं का?

एचेव्हेरिया, सेडम, ग्राप्टोपेटालम, जेड यांचं सहज होतं. पान बुडासकट, डावी-उजवीकडे हलवून काढा, बूड तुटलं तर काही येत नाही. तीन दिवस सुकवा, मातीवर आडवं ठेवा, पुरू नका, छोटी मुळं दिसल्यावर त्यांच्याजवळ थोडं पाणी. हॉवर्थियाचं पानापासून फार रेंगाळतं, बाजूला आलेलं पिल्लू वेगळं करा. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान लावलं तर पिल्लं नुसती हिरवी येतात, पिवळी कड हवी असेल तर कंद वेगळा करावा लागतो. पानफुटीबद्दल नावातच सगळं आलं.

१६. खत? चहापत्ती घातली तर?

चहापत्ती, कांद्याचं पाणी, तांदळाचं पाणी, काहीही नको, ओल धरतं आणि चिलटं बोलावतं (प्रश्न १४). ऑक्टोबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात पाव छोटा चमचा, ओल्या मातीवर. आजारी किंवा नुकत्याच लावलेल्या झाडाला खत देऊ नका.

१७. घरात मांजर आहे, सगळं चावते.

हॉवर्थिया आणि एचेव्हेरिया बिनधास्त ठेवा. खरं जेड (क्रॅसुला), कोरफड, स्नेक प्लांट, युफोर्बिया यांनी मांजर-कुत्र्याला त्रास होतो, उलट्या वगैरे, आणि कलान्चो, त्यात पानफुटीही आली, तर हृदयावर परिणाम करू शकते. बारीक पानांचं पोर्टुलाकारिया मात्र सुरक्षित, म्हणून प्रश्न २ मधला फरक इथे महत्त्वाचा. युफोर्बियाचा चीक माणसाच्या डोळ्यालाही वाईट, कापताना हातमोजे घाला.

१८. काटेरी झाड घरात चालत नाही म्हणतात. आणि बेडरूममध्ये ठेवलं तर रात्री ऑक्सिजन देतं ना?

वास्तूचं तुमचं तुम्ही ठरवा, सासूबाईंशी वाद नको असेल तर काटा नसलेलं जेड आणा, ते लक्ष्मीचं म्हणून कौतुकही होईल.

ऑक्सिजनची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. ही झाडं पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, एवढं खरं. पण ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. आणि हवा शुद्ध होते म्हणून नासाचा जो १९८९ चा अभ्यास सांगतात तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता, दारं-खिडक्या असलेल्या खोलीत एका कुंडीने काही होत नाही. छान दिसतं म्हणून ठेवा.

१९. मधून लांब दांडा येऊन फुलं आली. आता झाड मरणार?

हॉवर्थिया, एचेव्हेरिया, जेड नाही मरत. दांडा नको असेल तर कापा, झाड अशक्त असेल तर नक्की कापा. एऑनियमचा फुललेला शेंडा आणि बहुतेक घायपात मात्र एकदाच फुलतात आणि संपतात. पसरट थाळीसारख्या पानांचा पॅडल प्लांटही तसाच, पण जाताना बुडाशी पिल्लं ठेवतो.

२०. लाल गोळ्याचा कॅक्टस आहे, खालचं हिरवं खोड मऊ झालंय.

तो एक नाही, दोन कॅक्टस आहेत. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, एकटा तो जगू शकत नाही, म्हणून त्याचं खालच्या हिरव्या कॅक्टसवर कलम केलेलं असतं. हे खालचं सहसा ड्रॅगनफ्रूटचं, सांगली-सोलापूरकडे शेतात लावतात ना, त्याच कुळातलं. ते मऊ झालं म्हणजे सडतंय, आणि प्रश्न ९ सारखं गोळा कापून मातीवर ठेवला तर उपयोग नाही, त्याला नवीन खोडावर कलम करावं लागेल. तसंही ही जोडी काही वर्षांचीच असते, तुमची चूक नसतानाही. कधी उलटं होतं, गोळा वाळतो आणि खालचं जोमाने फुटतं, ते फेकू नका, मोठ्या कुंडीत आधाराला काठी देऊन लावा, वेल मस्त वाढते.

२१. मी लंडनला असते, इकडे हेच लागू आहे का?

पाण्याचं कॅलेंडर उलटं करा. तिकडे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा महिन्यातून एकदा पाणी पुरे, आणि एप्रिल ते सप्टेंबर नीट घाला. रात्री पडद्यामागे काचेजवळ फार गार होतं, ५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि हीटरवरही ठेवू नका.

२२. ट्रेकला गेलो तेव्हा कड्यावर मस्त सक्युलंट दिसलं, एक फांदी आणली तर काय बिघडतं?

बिघडतं. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी म्हणून एक सक्युलंट आहे, शिवनेरीवर आणि अशाच मोजक्या ठिकाणी उगवतं, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि ते दुर्मिळ झालंय. कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जातींचंही तेच. प्रत्येकाने "एकच फांदी" आणली तर कडा रिकामा. आणि तुमच्या खिडकीत ते जगेलच असंही नाही. फोटो काढा, जागेचं लोकेशन टाकू नका, आणि घरी येऊन हॉवर्थियाला काडी लावून बघा, सुकली असेल तर पाणी घाला.